कोपर, ढोपर आणि हनुमानाची अंगठी

कार्तिक उजाडला की सिंधुदुर्गात दशावताराचे पेटारे गावोगाव फिरू लागतात. जत्रेच्या रात्री देवळापुढं मारुतीनं रामाची अंगठी काढून सीतेपुढं धरली, तर समोर बसलेल्या आजीला किंवा तिच्या मांडीवर पेंगणाऱ्या नातवाला संदर्भ समजावून द्यावा लागत नाही. हीच अंगठी थायलंडमध्ये भलत्याच रूपात भेटते. तिथल्या मुष्टियुद्धात, म्हणजे मुए थायमध्ये, ‘हनुमान अंगठी अर्पण करतो’ हे एका डावाचं नाव आहे. दोन्ही मुठी एकदम खालून वर जातात आणि समोरच्याच्या हनुवटीवर बसतात. कोपर वरून थेट टाळूवर उतरवण्याला ‘ऋषी औषध कुटतो’ असं म्हणतात. खाली वाकून ठोसा चुकवायचा आणि उठता उठता मारायचं, याचं नाव ‘सुमेरू पर्वत उचलणे’. लाथ मारणाऱ्याचा पाय हातात धरून त्याच्या मांडीवर कोपर हाणणं म्हणजे ‘हत्तीची सोंड मोडणे’. पकडलेला पाय पिळला की नागानं शेपूट पिळली.

याचं नवल वाटायला नको. थायलंडची जुनी राजधानी अयुथ्या हे नावच अयोध्येवरून आलेलं, आणि रामायणाचं थाय रूप असलेलं ‘रामाकिएन’ तिथल्या पहिल्या राम राजानं १७९७ मध्ये सिद्ध करून घेतलं. लढवय्यांनी आपल्या डावांना नावं देताना घरातल्याच गोष्टी उचलल्या. जावा बेटावरून आलेल्या कथांतला राजपुत्र इनाओही या यादीत आहे. समोरच्याचा सरळ ठोसा बाजूला सारून फासळीत कोपर रुतवण्याला ‘इनाओ कट्यार खुपसतो’ म्हणतात.

दशावतारात नाटक उभं राहण्याआधी पेटाऱ्याची पूजा होते, गणपतीला आवाहन होतं. गावऱ्हाटीत तर गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुठलंच काम सुरू होत नाही. थाय लढवय्याही रिंगणात शिरल्या शिरल्या हाणामारीला लागत नाही. डोक्यावर मोंगखोन नावाचं मंतरलेलं कडं घालून तो दोरांच्या कडेनं फेरी मारतो, गुडघ्यांवर बसून गुरूला आणि आईवडिलांना तीनदा वंदन करतो आणि संथ नाच करतो. या विधीला ‘वाय ख्रू’ म्हणतात. मग गुरू ते कडं उतरवून घेतो. पुढं लढत चालू असतानाही वाद्यं थांबत नाहीत. सनईच्या जातीचं एक सुषिर वाद्य, ढोलांची जोडी आणि लहान झांजा यांची लय पहिल्या फेरीत रेंगाळते आणि शेवटच्या फेऱ्यांत चढत जाते. पखवाजाच्या चढत्या लयीवर तलवारी घेऊन गोल फिरणारे राजा आणि राक्षस ज्यानं जत्रेत पाहिले आहेत, त्याला हे फार परकं वाटणार नाही. फरक इतकाच की दशावतारातल्या राक्षसाला पहाटे चहा प्यायला उठून बसायचं असतं, त्यामुळं त्याच्या कपाळावर खरोखर कोपर बसत नाही.

मुए थायला ‘आठ अंगांची कला’ म्हणतात. दोन मुठी, दोन कोपरं, दोन गुडघे, दोन पाय. इंग्रजी बॉक्सिंगमध्ये आठांपैकी दोनच अंगांना परवानगी. तायक्वांदोच्या स्पर्धेत ठोसा आणि लाथ चालते, कोपर-गुडघा नाही. किकबॉक्सिंगच्या के-वन नियमांत गुडघा चालतो, पण कोपर निषिद्ध. थायलंडच्या आसपास मात्र ही दोन्ही अंगं सगळ्यांचीच आहेत. कंबोडियाचं कुन ख्मेर घ्या किंवा ब्रह्मदेशाचं लेथवे. लेथवेत तर डोक्यानं धडक मारायलाही मुभा आहे. मूळ कुणाचं यावरून शेजाऱ्यांत भांडणं आहेतच. २०२३ च्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धेत यजमान कंबोडियानं ‘कुन ख्मेर’ हे नाव ठेवलं, तेव्हा थायलंडनं त्या प्रकारात आपले खेळाडू उतरवलेच नाहीत.

थायलंडची लाडकी कथा नाय खनोम तोम या लढवय्याची आहे. १७६७ मध्ये अयुथ्या पडली तेव्हा तो ब्रह्मी सैन्याच्या हाती सापडला, आणि १७७४ मध्ये ब्रह्मी राजासमोर त्यानं एकामागून एक दहा जणांना लोळवलं, असं सांगतात. कथेत इतिहास किती आणि रंग किती हा प्रश्न वेगळा. १७ मार्च हा दिवस त्याच्या नावानं पाळला जातो, एवढं खरं. त्या काळी मुठींना सुताची दोरी गुंडाळून लढत. हातमोजे, चौकोनी रिंगण आणि ठरलेल्या वेळेच्या फेऱ्या हे सगळं विसाव्या शतकात, १९२० च्या दशकाच्या आगेमागे रुळलं. बँकॉकचं राजादम्नोएन स्टेडियम १९४५ चं आणि लुम्पिनी १९५६ चं. व्यावसायिक लढत सहसा तीन-तीन मिनिटांच्या पाच फेऱ्यांची असते.

आता कोपराकडे येऊ.

कोपराचा पल्ला मुठीच्या निम्म्यावर येतो. म्हणजे कोपर वापरायचं तर माणसाच्या इतकं जवळ जावं लागतं, की त्याचंही कोपर आपल्यापर्यंत पोचतं. शिकणाऱ्याची पहिली अडचण हीच. आरशासमोर हात फिरवणं आठवड्याभरात जमतं. ठोशांच्या माऱ्यातून आत शिरणं, मारणं आणि धडपणे बाहेर येणं याला वर्षं लागतात. म्हणून जाणता शिक्षक कोपर सुटं शिकवतच नाही. आधी सरळ ठोसा, त्या ठोशानं समोरच्याचे हात वर जातात, त्याच पावलावर पुढचा पाय आत, मग कोपर. मारून झालं की एकतर मान पकडायची किंवा ढकलून लांब व्हायचं. मध्येच उभं राहिलं की मार ठरलेला.

मारण्याची रीत वरवर सोपी दिसते. हात पूर्ण मिटलेला, पंजा सैल आणि छातीच्या जवळ, खांदा हनुवटीला झाकेल इतका वर, दुसरा हात कानाशी. जोर मात्र हातातून येत नाही. मागच्या पायाची टाच बाहेर वळते, तिच्यामागून कंबर, कंबरेमागून खांदा, आणि कोपर सगळ्यात शेवटी पोचतं. नवशिका नेमकं उलटं करतो. तो खांद्यापासून हात भिरकावतो, अंग पुढं झुकवतो आणि दुसरा हात पोटाशी आणतो. शिक्षक त्या उघड्या गालावर पॅडची हलकी टपली मारत राहतो. चार दिवसांत हात आपोआप वर राहायला लागतो.

लागायला हवं ते कोपराचं टोकदार हाड किंवा त्याच्या लगतचा पुढचा भाग. थोडं आतल्या बाजूला लागलं तर तिथून जाणारी नस दबते आणि करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. दाराच्या चौकटीवर कोपर आपटलेल्या प्रत्येकाला ती कळ ठाऊक आहे. थाय भाषेत कोपराला ‘सोक’ म्हणतात, आणि दिशेप्रमाणे त्याची नावं बदलतात. आडवं कापत जाणारं, वरून तिरकं उतरणारं, खालून हनुवटीकडे चढणारं, भाल्यासारखं समोर घुसणारं आणि पाठ फिरवून गिरकीसरशी येणारं. गिरकीचं कोपर पडद्यावर फार देखणं दिसतं. नवशिक्यांना तेच आधी हवं असतं आणि तेच सगळ्यात उशिरा शिकवतात, कारण त्यात क्षणभर पाठ उघडी पडते आणि समोरचा नजरेआड होतो.

कोपराची भीती बेशुद्धीपेक्षा जखमेची जास्त. भुवईच्या जागी कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस जवळपास नसतंच. धारदार कोपर घासून गेलं तरी कातडी फाटते, चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळं रक्त भळाभळा येतं आणि थेट डोळ्यात उतरतं. मग डॉक्टर लढत थांबवतो. योदखुनपोन नावाचा एक लढवय्या यासाठी इतका गाजला, की ‘शंभर टाक्यांचा कोपर-शिकारी’ असंच त्याचं नाव पडलं. टाके अर्थात प्रतिस्पर्ध्यांना पडलेले.

गुडघ्याचं शिक्षण याहून कष्टाचं आहे, आणि पाहणाऱ्याला कंटाळवाणंही. थाय भाषेत गुडघा म्हणजे ‘खाओ’. पहिला पाठ सरळ गुडघ्याचा. इथं बहुतेक नवशिके एकच चूक करतात. जिना चढल्यासारखं ढोपर वर उचलतात. गुडघा पुढं घुसवायचा असतो. टाच मागं मांडीकडे ओढलेली, पायाची बोटं जमिनीकडे, उभा पाय चवड्यावर, वरचं अंग किंचित मागं आणि कंबर झटक्यानं पुढं. असं झालं तर नितंबापासून गुडघ्यापर्यंतचं मांडीचं अख्खं हाड त्याच दिशेनं जातं. वाटी सपाट आपटली तर दुखणं मारणाऱ्यालाच होतं, म्हणून वाटीच्या जरा वरचा टणक भाग लावायला शिकवतात. निशाणा पोट, फासळ्या, मांडी. उजव्या बरगडीखाली यकृत असतं. तिथं नेमका गुडघा बसला की माणूस एखादा क्षण उभा राहतो आणि मग दुमडून खाली जातो. त्याची इच्छाशक्ती कितीही दांडगी असो, श्वासच साथ देत नाही.

पण नुसता गुडघा मारून भागत नाही, कारण समोरचा मागं सरकतो. त्याला सरकू द्यायचं नसेल तर मान धरायला हवी. यालाच क्लिंच म्हणतात, आणि मुए थाय शिकणाऱ्याचा सगळ्यात जास्त घाम तिथंच निघतो. दोन्ही पंजे एकावर एक ठेवून प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, कोपरं एकमेकांजवळ, बोटांत बोटं गुंतवायची नाहीत. समोरचाही तेच करायला बघतो, म्हणून हात एकमेकांच्या आतून सतत घुसत राहतात; ज्याचे हात आतल्या बाजूला, त्याची सत्ता. मान खाली ओढायला दंडाची ताकद कामाला येत नाही. किनाऱ्यावर रापण ओढणारे मच्छीमार जसे दोर धरून सगळं अंग मागं टाकतात, तसंच इथंही देहाचं वजन लटकवायचं असतं. थाय तालमींत सरावाच्या शेवटी अर्धा-अर्धा तास न थांबता हाच खेळ चालतो. त्यात गुडघा जोरानं घालत नाहीत. मांडीच्या आतल्या बाजूनं जोडीदाराच्या बरगडीवर थाप देतात, ‘इथं बसला असता’ एवढं कळण्यापुरती.

या पकडीचा सम्राट म्हणजे दीझेलनोय. सहा फुटांहून उंच, काटकुळा, लांब पायांचा. १९८० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात त्याच्या गुडघ्यांची अशी दहशत होती, की त्याच्या वजनात लढायला कुणी मिळेना आणि कारकीर्द ऐन भरात आटोपली. १९८२ मध्ये त्यानं सामार्त पायाकारून या महान तंत्रकुशल खेळाडूला हरवलं. सामार्त काही साधासुधा नव्हता. पुढं १९८६ मध्ये तो बॉक्सिंगचा जागतिक विजेता झाला. दीझेलनोयशी झालेली ती लढत आजही शिक्षक मुलांना दाखवतात. एक माणूस पाच फेऱ्या काय करणार आहे हे समोरच्याला आधीपासून माहीत असतं, आणि तरीही ते थांबवता येत नाही.

घाटाच्या वर कोल्हापुरात तालमी आहेत, आणि कुस्तीचा हात असलेल्या पोराला क्लिंच इतरांपेक्षा लवकर उमगतो. मान, पकड, वजन हे सगळं त्याच्या अंगात असतं. त्याची अडचण दुसरीच. पैलवान खाली वाकून, डोकं पुढं घेऊन पट काढायला जातो, आणि गुडघ्याला याहून चांगली संधी नको असते. अमेरिकेचा बेन आस्क्रेन २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळलेला कुस्तीगीर. मिश्र युद्धकलांत उतरल्यावर तो अपराजित होता. ६ जुलै २०१९ ला यूएफसी या व्यावसायिक स्पर्धेच्या लढतीत घंटा वाजताच तो पायांकडे झेपावला, समोरून होर्हे मास्विदाल धावत आला आणि उडी मारून गुडघा घातला. लढत पाच सेकंदांत संपली. यूएफसीच्या इतिहासातला तो सगळ्यात वेगवान नॉकआउट ठरला. याउलट, उभ्यानं लढणाऱ्याला कुस्ती येत नसेल तर त्याचा गुडघा वर जाताच एका पायावर उरलेला तो सहज चीत होतो. एका पायावर उभं राहण्याची किंमत दोन्हीकडून मोजावी लागते.

नियमांचंही असंच वर-खाली चालू आहे. मिश्र युद्धकलांत सरळ वरून खाली, घड्याळात बारावरून सहावर यावं तसं कोपर मारायला अमेरिकेत वर्षानुवर्षं बंदी होती; नोव्हेंबर २०२४ पासून ती उठली. हौशी मुए थायमध्ये मात्र कोपरांना गाद्या, नडग्यांना कवच आणि डोक्याला शिरस्त्राण घालावं लागतं. हौशी स्पर्धा चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाला २०२१ मध्ये ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली. खेळ प्रत्यक्ष ऑलिंपिकमध्ये अजून नाही. २०२१ मध्येच लुम्पिनीच्या रिंगणात पहिल्यांदा बायकांची लढत झाली. त्याआधी तिथं बाईनं दोरांच्या आत पाऊल टाकायचं नाही असा दंडक होता.

सिंधुदुर्गातल्या मुलांना ही अंगं अगदीच अनोळखी आहेत असं नाही. जिल्ह्यात कराटे आणि तायक्वांदोचे वर्ग बऱ्याच वर्षांपासून चालतात. शोतोकान कराटेतला ‘हेइआन योंदान’ हा काता, म्हणजे ठरीव हालचालींचा एकट्यानं करायचा क्रम, ज्यांनी केलाय, त्यांनी त्यात दोन्ही कोपरांचे फटके मारले आहेत, आणि शेवटाकडे काल्पनिक शत्रूचं डोकं दोन्ही हातांनी धरून त्यावर गुडघाही घातला आहे. फक्त तो शत्रू हवेचा होता. शाळांतून होणाऱ्या मुलींच्या स्वसंरक्षण शिबिरांतही कोपर-गुडघा हमखास असतो, आणि ते योग्यच आहे. सवय नसलेल्या हाताची मूठ कवटीवर आपटली तर बोटांमागची नाजूक हाडं मोडू शकतात. कोपराला ती भीती फारशी नाही. कुणी मागून कवळ घातली तर कोपर जवळच असतं. शिबिराचा हेतू सुटून पळण्यापुरता, त्यामुळं दोन दिवसांत जेवढं येईल तेवढं पुरे. पण तेवढ्यावर ‘मला मुए थाय येतं’ म्हणणं म्हणजे मालवणच्या जेटीवरून किल्ल्यात होडीनं गेल्यावर स्वतःला तांडेल म्हणवून घेण्यासारखंच.

खरं मुए थाय शिकायचं तर इथल्या मुलाला गोवा जवळ. उत्तर गोव्याच्या किनारपट्टीवर पर्यटकांच्या वस्तीत असे वर्ग चालतात. नाहीतर पुणे-मुंबई आहेच. मुंबईचं आणि या खेळाचं नातं सिनेमानंही घट्ट केलं. अक्षय कुमार बँकॉकला राहून मुए थाय शिकला, तिथं हॉटेलात काम केलं आणि मुंबईत परतून युद्धकला शिकवायचा, हे त्यानंच अनेकदा सांगितलं आहे. पुढच्या पिढीनं टोनी जा या थाय नटाचा २००३ चा ‘ओंग-बाक’ पाहिला आणि उडत्या गुडघ्याच्या प्रेमात पडली. आजची मुलं फोनवर पाहून अंगणात परस्परांवर प्रयोग करतात, आणि पालकांनी घाबरायचं ते याला. ठोसा हळू मारता येतो, लाथ आवरता येते. कोपर मात्र हाड आहे. अर्ध्या जोरानंही भुवई फाटते. म्हणून थाय तालमींत सरावाच्या लढतीत कोपर फक्त दाखवतात, लावत नाहीत.

थायलंडचं सगळंच अनुकरण करण्याजोगं नाही, हेही सांगायला हवं. तिथं गरीब घरातली मुलं आठ-नऊ वर्षांच्या वयापासून पैशांसाठी लढतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये तेरा वर्षांचा एक मुलगा लढतीतल्या डोक्याच्या मारानं गेला, आणि बारा वर्षांखालच्यांच्या लढतींवर बंदी घालावी की नाही यावर देशभर वाद पेटला. आपल्याकडेही जुलै २०२२ मध्ये बंगळुरूतल्या के-वन किकबॉक्सिंगच्या स्पर्धेत तेवीस वर्षांचा खेळाडू कोसळला आणि काही दिवसांत वारला. स्पर्धेच्या जागी वैद्यकीय सोय नव्हती, अशी तक्रार त्याच्या घरच्यांनी केली. आयोजकांवर गुन्हा दाखल झाला.

तेव्हा मुलाला किंवा मुलीला वर्गात घालण्याआधी पालकांनी एक दिवस कोपऱ्यात बसून नुसतं पाहावं. पहिला अर्धा तास दोरीच्या उड्या, पावलं आणि पवित्रा यांत जातो का, की आल्या आल्या बॅगेवर धडाधड सुरू होतं? जोड्या लावताना वजन आणि वय पाहिलं जातं का? शिक्षक स्वतः पॅड धरतो, की मुलांना परस्परांवर सोडून फोनवर बोलत बसतो? डोक्याला लागलेल्या मुलाला त्या दिवशी घरी पाठवतात का, आणि पुन्हा कधी घेतात? दातांसाठी गार्ड आणि कोपरांसाठी गाद्या सगळ्यांकडे आहेत का? स्पर्धेला नेणार असतील, तर तिथं डॉक्टर आणि रुग्णवाहिका कुणाची, हे नावानिशी विचारावं. चिडणाऱ्या शिक्षकाकडे मूल पाठवू नये. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला पहिलं वर्षभर कोपर शिकवलंच नाही, तर फी वाया गेली असं समजून भांडायला जाऊ नये. त्या वर्षात त्याला उभं राहायला, पडायला आणि मान सोडवायला आलं असेल, तर शिक्षकानं आपलं काम केलेलं आहे.